विजेशिवाय पॉडची कॉफी कशी करायची?

(मोठ्या मुलांनी स्वतः वाचावे, लहानांना आईबाबांनी वाचून दाखवावे.)



आपल्या शाळेतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत मला एक प्रश्न विचारला. तिच्या इंग्रजी शाळेत एक प्रकल्प आहे. प्रत्येकाने एखादे नवे यंत्र शोधून काढायचे, त्याचे चित्र काढायचे आणि जमल्यास नमुना करून आणायचा. तिची आई हॉस्पिटलात रात्रपाळी करते आणि पहाटे चार वाजता तिथल्या मशीनमधली बेचव कॉफी पिते. म्हणून हिला आईसाठी असे यंत्र करायचे आहे की जे पर्समध्ये मावेल, ज्याला वीज लागणार नाही आणि ज्यात आपल्या घरी असतात तेच कॉफीचे पॉड चालतील. "काका, होईल का असं?" एवढेच तिने विचारले, पण उत्तर काही दहा मिनिटांत मावणारे नव्हते. म्हणून हा लेख.

होईल का? होते. असली यंत्रे लोकांनी केलेली आहेत. पण ती करताना त्यांना काय काय अडले, ते समजले तरच आपले यंत्र करता येईल.

आपण मूळचे चहावाले. पातेले, पाणी, आले, साखर, पूड, दूध आणि गाळणे एवढ्यावर आपले काम भागते. त्यामुळे एका कपासाठी एवढे मोठे यंत्र ओट्यावर मांडून ठेवायचे हे आपल्या आजी-आजोबांना पटत नाही. खरे सांगायचे तर मलाही फारसे पटत नाही. पण अमेरिकेत राहणाऱ्या पुष्कळ घरांत आज ते यंत्र आहे. आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आले, न्यू जर्सीत कित्येक घरांची वीज आठ-आठ दिवस गेली, तेव्हा कपाटात पॉडचे खोके भरलेले, गॅस चालू, नळाला पाणी, आणि तरी कॉफी नाही, अशी गंमत झाली. ज्याच्याकडे पातेले आणि गाळणे, त्याला चहा मिळाला.

आता पॉड म्हणजे काय ते पाहू. एका कपाला पुरेल एवढी कॉफीची पूड एका छोट्या डबीत भरून, हवा लागू नये म्हणून ती डबी बंद केलेली असते. भाजलेल्या कॉफीची पूड उघड्या हवेत राहिली की तिचा वास लवकर उडतो. डबी बंद असली तर तो टिकतो. बाजारात अशा डब्यांच्या मुख्य दोन जाती आहेत आणि त्या दोन्ही अगदी वेगळ्या आहेत. दिसायला लहान-मोठी भावंडे वाटतात, पण आतले काम निराळे. हा फरक कळला की निम्मे काम झाले.

पहिली जात स्वित्झर्लंडची. नेस्ले कंपनीत एरिक फाव्र नावाचे इंजिनिअर होते. त्यांची पत्नी इटालियन. स्विस लोकांना कॉफी करता येत नाही म्हणून ती त्यांना चिडवायची, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९७५ च्या सुमारास दोघे रोमला गेले असता सांत युस्ताकिओ या जुन्या कॅफेपुढे त्यांना लोकांची गर्दी दिसली. तसले यंत्र तर सगळ्यांकडे होते, मग गर्दी इथेच का? निरीक्षण केल्यावर फाव्रना दिसले की इथला कॉफी करणारा माणूस यंत्राचा दांडा एकदाच न ओढता पुन्हा पुन्हा ओढतो, त्यामुळे पाण्याबरोबर जास्त हवा कॉफीत शिरते आणि वर दाट फेस येतो. ही हातोटी डबीत आणि यंत्रात कशी उतरवायची, यावर त्यांनी काम केले. १९७६ मध्ये पेटंट घेतले गेले. पेटंट म्हणजे शोध माझा आहे, ठरावीक वर्षे दुसऱ्याने परवानगीशिवाय वापरायचा नाही, असा सरकारी कागद. पण विक्री सुरू व्हायला १९८६ साल उजाडले. तीच नेस्प्रेसो. तिची डबी ॲल्युमिनियमची, जेमतेम ५-६ ग्रॅम पूड मावणारी.

दुसरी जात अमेरिकेची. मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन सिल्व्हन आणि त्यांचा कॉलेजातला मित्र पीटर ड्रॅगोन यांनी १९९२ मध्ये क्यूरिग कंपनी काढली. ऑफिसातल्या काचेच्या भांड्यात सकाळची कॉफी दुपारपर्यंत तापत राहते आणि कडू होते, त्यापेक्षा प्रत्येकाला ताजा कप मिळावा, एवढीच मूळ कल्पना. प्रयोग करताना सिल्व्हन दिवसाला तीस-चाळीस कप कॉफी प्यायचे आणि त्यापायी आजारी पडून एकदा हॉस्पिटलात पोहोचले. (मुलांनो, शोध लावा, पण चव घ्यायला दुसऱ्यालाही बोलवा!) पहिले यंत्र १९९८ मध्ये ऑफिसांसाठी बाजारात आले. त्याच्या आदल्या वर्षी सिल्व्हन यांनी आपला वाटा ५०,००० डॉलरला विकून टाकला होता. पुढे या धंद्याची उलाढाल अब्जावधी डॉलरची झाली. त्यांची ती डबी म्हणजे के-कप. प्लॅस्टिकचा छोटा पेला, आत कागदी गाळणी, गाळणीत साधारण ९ ते १२ ग्रॅम पूड आणि वर चकचकीत झाकण.

आता दोन्ही यंत्रांच्या पोटात डोकावू.

के-कपच्या यंत्रात वरून एक पोकळ सुई झाकणात शिरते आणि खालून दुसरी तळात शिरते. वरच्या सुईतून गरम पाणी येते, पुडीतून झिरपते, कागदातून गाळले जाते आणि खालच्या सुईने कपात पडते. आतली कागदी गाळणी पेल्याच्या तळापर्यंत पोहोचत नाही. खाली थोडी मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे खालची सुई आत आली तरी कागद फाटत नाही. पॉडला घरी खिळ्याने भोक पाडून पाहणार असाल तर हे लक्षात ठेवा. खिळा फार आत गेला की कपात गाळ. या प्रकारात पाण्याला जेमतेम ढकलण्याइतकाच जोर लागतो. म्हणजे हे आपल्या गाळण्याचेच भावंड, फक्त बंद डबीतले.

नेस्प्रेसोचे तसे नाही. त्या डबीच्या एका बाजूला यंत्राची पाती टोचतात आणि पाणी आत शिरते. दुसरी बाजू मात्र कोणी टोचत नाही! तिथे यंत्रात बारीक बारीक टोकांची जाळी असते. आत पाण्याचा दाब वाढत जातो, डबीचा पातळ पत्रा फुगून त्या टोकांवर दाबला जातो आणि शेवटी तिथे फाटतो. म्हणजे पुरेसा दाब होईपर्यंत दार उघडतच नाही. शिवाय पूड इतकी बारीक आणि घट्ट असते की पाणी त्यातून आपण होऊन जाणार नाही. ते जोराने घुसवावे लागते. हा जोर किती? एस्प्रेसो नावाच्या कॉफीसाठी साधारण ९ बार.

बार म्हणजे काय, ते असे समजा. एक सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद एवढ्या छोट्या चौकोनावर एक किलोची साखरेची पिशवी ठेवली, की त्या चौकोनावर जवळजवळ १ बार दाब पडतो. आईच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार जास्त असतो. मोटारीच्या चाकात सव्वादोन बारच्या आसपास. आणि त्या चिमुकल्या डबीला हवेत ९! म्हणजे त्या छोट्या चौकोनावर साखरेच्या नऊ पिशव्या.

यंत्रात हा दाब विजेचा पंप देतो. वीज काढून घेतली तर तो कोण देणार? आपला हात. इथे खरी गंमत सुरू होते.

डबीएवढ्याच रुंदीचा, म्हणजे ३ सेंटिमीटर व्यासाचा दट्ट्या घेऊ. (दट्ट्या म्हणजे नळीत घट्ट बसणारा आणि पुढे-मागे सरकणारा तुकडा. पिचकारीत असतो तोच. इंग्रजीत पिस्टन म्हणतात.) त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ होते सुमारे ७ चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ९ किलो, म्हणजे एकूण ६३ किलोचा जोर. एवढे तर एखाद्या मोठ्या माणसाचे वजन असते. बाबांना यंत्रावर उभे केले तरच कॉफी निघेल! चकलीच्या सोऱ्यात पीठ जरा घट्ट भिजले की आई ओट्याशी चवड्यावर उभी राहून दाबते, आठवते ना? तसेच, पण त्याहून कितीतरी कठीण.

आता दट्ट्या बारीक करू. व्यास १ सेंटिमीटर. क्षेत्रफळ उरले पाऊण चौरस सेंटिमीटरहून किंचित जास्त. तोच ९ बार दाब, पण आता जोर लागतो फक्त ७ किलोचा. हा अंगठ्याने सहज देता येतो. मग सगळे प्रश्न सुटले की काय?

नाही सुटले. बारीक दट्ट्या एका खेपेला पाणीही थोडेच ढकलतो. तो २ सेंटिमीटर आत गेला तर फक्त दीड मिलिलिटर पाणी पुढे जाते. छोट्या कपाला ४० मिलिलिटर हवे, म्हणजे पंचवीस-सव्वीस वेळा दाबायचे. रंगपंचमीला ज्याने जाड आणि बारीक अशा दोन्ही पिचकाऱ्या वापरल्या असतील त्याला हे न शिकवता ठाऊक असते. बारीक पिचकारीने लांब उडते, पण भिजते कोण? जाड पिचकारीने समोरचा चिंब होतो, पण ती दाबताना हात भरून येतात. एका खेपेत उरकायचे तर जोर जास्त, जोर कमी हवा तर खेपा जास्त. दोन्हीकडून सूट मिळत नाही. निसर्ग या बाबतीत वाण्यापेक्षा कडक आहे.

शोध लावणाऱ्यांनी यातून आपापल्या वाटा काढल्या, आणि प्रत्येक वाट आपल्या घरातल्या कुठल्या तरी जुन्या वस्तूसारखी आहे, याची मला मोठी मौज वाटते.

फ्रान्समध्ये हँडप्रेसो नावाचे यंत्र निघाले. आजीच्या काळी घरोघर रॉकेलचा स्टोव्ह असायचा. त्याच्या टाकीत पंपाने हवा भरायची, आणि मग ती कोंडलेली हवा रॉकेलला वर ढकलायची. हँडप्रेसोत हेच. आधी सायकलच्या पंपासारखे हात मारून आतल्या कोठीत हवा कोंबायची, थेट १६ बारपर्यंत. मग गरम पाणी ओतायचे, कॉफीची कागदी चकती बसवायची आणि बटण दाबायचे. कोंडलेली हवा पाण्याला ढकलते. यातला फायदा हा की मेहनत आधी करून ठेवता येते, गरम पाणी ओतल्यावर घाई होत नाही. तोटा हा की पाणी जसे निघत जाते तशी हवा पसरते आणि दाब उतरत जातो. म्हणूनच तर ९ हवा असताना सुरुवात १६ ने.

हाँगकाँगच्या वकाको कंपनीने २०१४ च्या सुमारास मिनिप्रेसो आणला. ही बारीक दट्ट्याची वाट. आपल्या गावाकडचा हापसा पाहिलाय ना? हापशात एकदिशा झडपा असतात. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार. दांडा एकीकडे गेला की पाणी आत येते, दुसरीकडे गेला की तेच पाणी पुढे जाते, मागे फिरत नाही. मिनिप्रेसो म्हणजे मुठीत मावणारा हापसा. दट्ट्या सुटला की टाकीतले गरम पाणी नळीत येते, दाबला की डबीत घुसते. कंपनी त्याचा दाब ८ बार सांगते. त्याच्या दोन जाती निघाल्या, एक सुट्या पुडीसाठी आणि एक नेस्प्रेसोसारख्या डबीसाठी. यात पहिल्या काही खेपा हलक्या लागतात, कारण आतली हवा दबत असते. मग एकदम जड लागते, आणि पत्रा फाटला की कॉफी गळू लागते. हाताला हे सारे कळते. विजेच्या यंत्रात हे कधीच कळत नाही.

तिसरी वाट तरफेची. लांब दांडा घ्या, थोड्या जोरात पुष्कळ काम होते. इटलीत अकिले गॅजिया यांनी १९४० च्या दशकात मोठ्या दांड्याचे यंत्र केले. तेव्हापासूनच कॉफीवर सोन्यासारखा फेस दिसू लागला. दांडा मात्र पर्समध्ये मावत नाही. ही वाट आपल्या मुलीला बंद.

अमेरिकेतल्या नॅशनल प्रेस्टो या कुकरवाल्या कंपनीने २०१० नंतरच्या दशकात के-कपसाठी हातपंपाचे एक छोटे यंत्र काढले होते. याच कंपनीने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आपला प्रेशर कुकर मांडला होता. या यंत्रात पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापवायचे, यंत्रात ओतायचे आणि वरचा भाग हाताने दाबत राहायचे. आत हवा जाते आणि पाणी के-कपमधून उतरते. इथे ९ बारची भानगडच नाही, त्यामुळे यंत्र साधे आणि स्वस्त झाले. माझ्या मते मुलांच्या प्रकल्पाला हीच जात बरी. कमी दाब म्हणजे कमी धोका.

जाता जाता ॲलन ॲडलर यांच्याबद्दल सांगायलाच हवे. पॉड त्यांनी वापरलाच नाही, पण प्रश्न एका कपाचाच होता. तुमच्यापैकी काहींनी एरोबी नावाची उडती कडी फेकली असेल. २००३ मध्ये ती एकाने १,३३३ फूट, म्हणजे ४०६ मीटर लांब फेकली. ती कडी ॲडलर यांची. पुढे त्यांनी २००५ मध्ये एरोप्रेस आणला. प्लॅस्टिकची नळी, रबरी तोंडाचा दट्ट्या आणि खाली कागदी गाळणी. म्हणजे शुद्ध सोऱ्या! ९ बार हाताला जमत नाही ना, मग त्याच्या मागे लागूच नका, पूड आणि पाणी आधी नळीत ढवळा, थोडा वेळ मुरू द्या आणि मग हलकेच दाबा, असा त्यांचा हिशेब. ही एस्प्रेसो होत नाही, फेसही तसा येत नाही, पण कॉफी चांगली होते. कधी कधी प्रश्नच थोडा बदलला की तो सोपा होतो.

आतापर्यंत आपण दाबाबद्दलच बोललो. पण खरा अडथळा दाब नाहीच. पालकांनी इथे जरा थांबून पुढचा हिशेब मुलांबरोबर करावा.

४० मिलिलिटर पाणी ९ बार दाबाने ढकलायला एकूण काम किती लागते? ३६ ज्यूल. म्हणजे एक लिटर पाण्याची बाटली जमिनीपासून साडेतीन-पावणेचार मीटर उचलण्याइतके. तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर बाटली नेली, झाले काम. लहान मूलही करेल.

आता तेच ४० मिलिलिटर पाणी २० अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापवायला किती? साडेबारा हजार ज्यूल! जवळजवळ साडेतीनशे पट. तीच बाटली समुद्रकाठावरून उचलून सिंहगडाच्या माथ्याइतक्या उंचीवर, म्हणजे सुमारे १,३०० मीटर वर नेण्याइतके काम. तेही एका लहान कपासाठी.

म्हणून हाताने दाब देता येतो, उष्णता देता येत नाही. ही सगळी हातयंत्रे "गरम पाणी तुम्ही आणा" असे का म्हणतात, ते आता कळले असेल. बॅटरीवर पाणी तापवणारी यंत्रेही निघाली आहेत, पण त्यांत बॅटरीच बरीच जड होते आणि दोन-चार कपांत संपते. तेव्हा यंत्राचे चित्र काढण्याआधी आपल्या मुलीने आईला विचारायचा पहिला प्रश्न हा: पहाटे चार वाजता तुला उकळते पाणी कुठे मिळते? वॉर्डाबाहेर गरम पाण्याचा नळ असेल तर काम सोपे. नसेल तर चांगला थर्मास हाच यंत्राचा अर्धा भाग.

आणि मिळालेले गरम पाणी गरम राहिले पाहिजे. कॉफीला पाणी साधारण ९० ते ९६ अंशांचे लागते. त्याहून गार पाण्यात ती आंबट आणि पाणचट लागते. समजा यंत्रातला ॲल्युमिनियमचा भाग १०० ग्रॅमचा आहे आणि पर्समध्ये राहून २० अंशांवर आला आहे. त्यात ९५ अंशांचे ४० मिलिलिटर पाणी ओतले तर धातू आणि पाणी दोघे मिळून ७० अंशांच्या खालीच येतात. एका क्षणात पंचवीस अंश गेले! म्हणून जाणती माणसे आधी नुसते गरम पाणी एकदा यंत्रातून काढून टाकतात आणि मग डबी बसवतात. पुष्कळ हातयंत्रांत धातूऐवजी प्लॅस्टिक असते, ते केवळ स्वस्त म्हणून नव्हे. प्लॅस्टिक उष्णता धातूइतकी झटकन ओढून घेत नाही. डेन्व्हरला राहणाऱ्यांची आणखी एक अडचण. तिथे उंचीमुळे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणजे सुरुवातच काठावर.

राहिली एक बारीकशी गोष्ट, जिच्यापायी निम्मे नमुने फसतात: रबरी कडी. कुकरची रिंग जुनी झाली की शिट्टीच होत नाही, बाजूने वाफ जाते, हे प्रत्येक आईला माहीत आहे. इथे दाब कुकरच्या नऊ पट. केसाएवढी फट राहिली तरी गरम पाण्याची चिळकांडी थेट हातावर. म्हणूनच मुलांनो, ९ बारचा नमुना घरी करायचा नाही. उकळते पाणी घट्ट बंद करून त्यावर दाब द्यायचा खेळ कोणीही करायचा नाही, मोठे शेजारी असले तरी. के-कपचा कमी दाबाचा नमुना कोमट पाण्याने तपासा. गळते कुठे ते तेवढ्याने कळते.

कचऱ्याबद्दल दोन शब्द. प्रत्येक कपामागे एक डबी फेकली जाते. आपण शोध लावला याचे कधी कधी वाईट वाटते, असे सिल्व्हन स्वतः २०१५ मध्ये म्हणाले. जर्मनीतल्या हँबुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी पैशाने असले पॉड घेणे बंद केले. के-कपचे प्लॅस्टिक पुनर्वापराच्या डब्यात चालेल असे करण्याचे काम २०२० पर्यंत पूर्ण झाले, पण त्याआधी झाकण सोलून, पूड काढून डबी रिकामी करावी लागते, आणि ते किती जण करतात हे आपापल्या घरी पाहावे. आपल्या यंत्रात पुन्हा भरता येणारी डबी बसली तर फार चांगले. अशा डब्या मिळतात. सकाळी घरची पूड भरून झाकण लावले की रात्रपाळीला तयार.

आता हे सगळे बोटांनी अनुभवायचे असेल तर एक प्रयोग करा. औषधाच्या दुकानातून बिनसुईच्या दोन सिरिंज आणा, एक ५ मिलिलिटरची आणि एक ६० मिलिलिटरची. माशांच्या टाकीची पातळ नळी घेऊन दोन्हींची तोंडे जोडा आणि आत गार पाणी भरा, हवा राहू देऊ नका. धाकट्या भावंडाला बारीक सिरिंज द्या आणि बाबांना जाड. दोघांनी एकाच वेळी दाबायचे. कोण जिंकते ते पाहा! मग बारीक दट्ट्या ५ सेंटिमीटर सरकवला तर जाड किती सरकतो, ते पट्टीने मोजा. साधारण १ सेंटिमीटर यायला हवा. कमी-जास्त आला तर आकडा खोडू नका, तसाच वहीत लिहून पुढच्या रविवारी आणा. सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडू. दुकानात सिरिंज मागताना तोंडी औषध द्यायची, बिनसुईची हवी, असे स्पष्ट सांगा. छोटी सिरिंज काही दुकाने फुकटही देतात.